तासाला तीन मिनिटं

"साडेतीन वाजले," गुळवणी सर म्हणाले आणि मनगट पुढं करून त्यांनी आम्हा चौघांना दाखवलं. आम्हीही आपापल्या मनगटांकडं बघितलं आणि माना डोलावल्या. साडेतीनच वाजले होते. पाचही घड्याळांत.

खरं तर चाराला तीन मिनिटं कमी होती. हे आम्हा चौघांनाही चांगलं ठाऊक होतं.

"गाडी चार पन्नासला मिरजेत येते," सर म्हणाले. "दहा मिनिटं थांबते. आपण चारला निघू. अच्युतच्या गाडीनं अर्धा तास. म्हणजे वीस मिनिटं आधी पोचतोय. झालं तर मग."

"झालं की," तात्या आरवाडे म्हणाले आणि माझ्याकडं बघून त्यांनी भुवया उडवल्या. तात्यांची बेकरी होती. भुवयांवर कायम थोडा मैदा असायचा.

ही गोष्ट शहाण्णव सालची. तेव्हा मी चौतीस वर्षांचा होतो आणि विजेचे मीटर तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरीला होतो. लोकांचे मीटर पुढं पळतात की मागं पडतात, हे बघून कागदावर लिहायचं, हा माझा पोटापाण्याचा धंदा. आणि दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी पाचला सांगलीत सरांच्या बाहेरच्या खोलीत आमचं जुन्या घड्याळांचं मंडळ बसायचं. सर कॉलेजच्या फिजिक्स लॅबमधून निवृत्त झालेले, काकू गेल्यापासून एकटेच राहायचे. त्यांच्याशिवाय गुरांचे डॉक्टर कबाडे, शिंपीकाम करणारे नूरभाई मुजावर, तात्या आणि मी, अच्युत. मंडळ म्हणजे एवढंच.

मंडळाचे नियम सरांनी केले होते. दुसऱ्याचं घड्याळ हातात घ्यायचं तर आधी विचारायचं आणि आपलं काढून खिशात ठेवायचं, घासलं जाऊ नये म्हणून. घड्याळ टेबलावर थेट ठेवायचं नाही, फडक्यावर ठेवायचं. किंमत विचारायची नाही. एखादं आवडलं तर "मला द्या" असं भिकाऱ्यासारखं म्हणायचं नाही. "कधी विचार झालाच तर माझा नंबर लावा" म्हणायचं आणि गप्प बसायचं, मग वीस वर्षं लागली तरी. दिलेलं घड्याळ नाकारायचं नाही, परत करायचं नाही, परत मागायचंही नाही.

आणि सगळ्यात मोठा नियम: दुसऱ्याचं घड्याळ मागं आहे असं सांगायचं नाही. ज्याचं त्याला कळतं, असं सर म्हणायचे. एकदा पुण्याहून आलेल्या एका पाहुण्यानं नूरभाईंना हसत हसत सांगितलं, तुमचं घड्याळ सहा मिनिटं मागं आहे हो. सरांनी त्याचा चहा आतून बाहेर येऊच दिला नाही.

सरांच्या हातातलं घड्याळ त्यांच्या वडिलांचं. चावीचं, काळ्या तबकडीचं, आणि आकडे देवनागरी. एक, दोन, तीन असे ठसठशीत पांढरे. असं दुसरं मी तरी कुणाच्या हातात बघितलं नव्हतं. आठ वर्षांपूर्वी, मंडळात गेलो त्याच महिन्यात मी नंबर लावला होता. "पहिला नंबर तुझा," सर म्हणाले होते. आता खोटं कशाला बोलू? मला ते स्वप्नात दिसायचं.

तर ते घड्याळ त्या वर्षी मागं पडायला लागलं. सर रोज सकाळी सातच्या ठोक्याला रेडिओवर ते लावायचे आणि अर्धीच चावी द्यायचे. रात्री घड्याळालाही झोप लागते म्हणायचे. त्यामुळं ते मध्यरात्रीच्या सुमाराला बंद पडायचं आणि सकाळी पुन्हा सातवर यायचं. मधल्या वेळात ते किती मागं पडलं हे कळायला त्यांच्या घरात दुसरं चालतं घड्याळ नव्हतं. होती त्रेसष्ट. सगळी दहा वाजून दहा मिनिटांवर थांबवून ठेवलेली, त्यात ती देखणी दिसतात म्हणून.

सांगायचं तर नाही. मग करायचं काय? शेवटी आम्ही आपली घड्याळं मागं करायला लागलो. नूरभाई सगळ्यांत आधी आत जायचे, सरांच्या मनगटाकडं बघायचे, चप्पल विसरल्यासारखं करून फाटकापाशी यायचे आणि बोटं दाखवायचे. तीन वेळा पंजा आणि वर दोन, म्हणजे सतरा. आम्ही तिथंच उभ्यानं काटे फिरवायचो आणि आत जायचो. सर खूश असायचे. "बघा," ते म्हणायचे, "पाच घड्याळं, पाच घरची, आणि एका मिनिटाचा फरक नाही."

आणि मग नानांचं पत्र आलं.

नाना म्हणजे सरांचे थोरले भाऊ, धारवाडला असायचे. बावीस वर्षं दोघांमध्ये बोलणं नव्हतं. का नव्हतं, ते आम्हाला माहीत नव्हतं. विचारायची पद्धत नव्हती. पत्रात चारच ओळी होत्या. 'मुलगी मला भोपाळला घेऊन चालली आहे. आता इकडे येणे होईल असे वाटत नाही. रविवारी गाडी मिरजेस चार पन्नासला येते. जमल्यास भेट.' सरांनी ते पत्र आम्हा चौघांना एकेकाला वाचायला दिलं आणि सगळ्यांचं वाचून होईपर्यंत खिडकीपाशी उभे राहिले.

त्या दिवशी बाहेर पडल्यावर कबाडे डॉक्टरांनी आम्हाला फाटकापाशी थांबवलं.

"चार वाजायच्या सुमाराला ते अर्धा तास मागं असणार," डॉक्टर म्हणाले. "त्यांच्या चारला निघालो तर गेली गाडी."

"सांगून टाकू या का?" तात्या म्हणाले.

"सांग की. तू सांग."

तात्या वाकून चपलेचा अंगठा नीट करायला लागले.

"सांगायचं नाही," डॉक्टर म्हणाले. "घाई करायची. अच्युत, गाडी तुझी आहे. तू म्हण, मिरजेचं फाटक पडतं, आत्ताच निघू या. तुझं ते ऐकतात."

"मी म्हणतो," मी म्हणालो. आणि अगदी मनापासून म्हणालो, देवाशपथ.

तर तो रविवार. खरे चाराला तीन कमी. मी घसा खाकरला आणि म्हणणार होतो, तेवढ्यात सर उठले.

"अच्युत, जरा आत ये."

आतल्या खोलीत देवापुढं निरांजन तेवत होतं. सरांनी हातातलं घड्याळ काढलं. कपाटातून एक जुनी निळी डबी काढली, घड्याळ तिच्यात ठेवून बघितलं, पट्टा नीट दुमडला, पुन्हा बाहेर काढलं.

"तुला एक सांगायचंय. तुझा पहिला नंबर होता," सर म्हणाले.

"होता" हा शब्द मला लगेच ऐकू आला.

"हे मी आज नानाला देतोय. त्याच्या हातात मी स्वतः बांधणार. दादांचं, आमच्या वडिलांचं घड्याळ. तो थोरला, खरं म्हणजे त्याचंच. मी उगीच धरून बसलो इतकी वर्षं. तू रागावणार नाहीस ना?"

"छे छे, सर. काहीतरीच काय."

"मला ठाऊक होतं. बाकीच्यांना सांगितलं नाही अजून. नंबर तुझा, म्हणून आधी तुला." त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. मग घड्याळ पुन्हा मनगटावर चढवलं. "स्टेशनपर्यंत राहू दे हातात. तेवढंच."

त्यांचे डोळे भरून आले होते. माझेही आले होते, पण वेगळ्या कारणानं.

आम्ही बाहेर आलो तेव्हा खरे चार वाजून दहा मिनिटं झाली होती. अजूनही वेळ गेली नव्हती. तसेच उठलो असतो तर दहा मिनिटं हातात ठेवून पोचलो असतो. डॉक्टर माझ्याकडं बघत होते. तात्यांच्या भुवया वर गेल्या त्या खाली येईनात. नूरभाई तर दारात चपला घालूनच उभे होते.

सरांनी घड्याळ बघितलं. "पावणेचाराला तीन कमी. चहा टाकू का रे? पण फाटकबिटक पडत असेल का मिरजेला? अच्युत, गाडी तुझी, तूच सांग. आहे का वेळ?"

मी मनगटाकडं बघितलं. मीच मागं केलेलं माझं घड्याळ मला पावणेचाराला तीन कमी दाखवत होतं.

"आहे वेळ, सर," मी म्हणालो. "टाका चहा."

चहाला फार वेळ लागला. सर आलं किसून घालायचे. नूरभाईंनी उकळता कप एका दमात प्यायला आणि दिवसभर त्यांच्या जिभेला चव नव्हती. डॉक्टर म्हणाले, मी चहा सोडलाय. हे आम्ही पहिल्यांदाच ऐकत होतो. तात्या म्हणाले, "अच्युत, पेट्रोल भरायचंय म्हणत होतास ना?" मी म्हणालो, "टाकी फुल आहे."

निघालो तेव्हा सरांच्या घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली होती. खरे चार एकोणचाळीस. फाटक पडलंच होतं, तिथं आम्ही एका मालगाडीचे सगळे डबे मोजले.

मिरज स्टेशनवर पोचलो तेव्हा फलाट जवळजवळ मोकळा होता. वर लटकलेल्या मोठ्या घड्याळात पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. सरांनी ते बघितलं, मग आपलं बघितलं. चार चाळीस.

"सरकारी घड्याळ," सर म्हणाले. "अर्धा तास पुढं आहे. कुणाचं लक्ष नसतं." खात्री म्हणून त्यांनी आमची चार मनगटं बघितली. चार चाळीस, चार चाळीस, चार चाळीस, चार चाळीस. "दहा मिनिटं आहेत अजून. बसू या."

आणि आम्ही बसलो. गेलेल्या गाडीची वाट बघत पाच माणसं एका बाकावर ओळीनं बसलो. सरांनी डबी खिशातून काढून मांडीवर ठेवली होती. मधूनमधून वाकून ते रुळांकडं बघायचे. मनात येत होतं की इथून उठावं आणि सरळ घरी चालत जावं. पण गाडी माझी होती.

त्यांच्या घड्याळात चार पंचावन्न झाल्यावर सर उठून चहाच्या स्टॉलवाल्याकडं गेले. आम्हीही मागोमाग गेलो.

"भोपाळकडं जाणारी गाडी लेट आहे का हो?"

"लेट? ती गेली की पाचला. टायमात होती आज."

"पाच वाजायचेत अजून," सर म्हणाले.

स्टॉलवाल्यानं वरच्या घड्याळाकडं बघितलं, मग सरांकडं. "एक म्हातारबाबा उतरले होते बघा खाली. टोपीवाले. इथंच उभे होते शिट्टी होईपर्यंत. किती वाजले, किती वाजले, असं चारदा विचारलं मला. शेवटी पोरीनं हाताला धरून चढवलं त्यांना."

सरांनी डबी खिशात घातली. मग म्हणाले, "गाडी लवकर सोडली. तक्रार करायची."

आम्ही स्टेशनमास्तरांच्या खोलीत गेलो. सरांनी कागद मागून घेतला आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं, की सदरहू गाडी नियोजित वेळेच्या सुमारे अर्धा तास आधी सोडण्यात आली असून खाली सही करणाऱ्या पाच इसमांची पाच स्वतंत्र घड्याळे त्यास साक्ष आहेत. साक्षीदार म्हणून पहिली सही माझी. पेनही माझंच होतं.

स्टेशनमास्तर सभ्य गृहस्थ होते. त्यांनी आमची पाच मनगटं नीट बघितली, भिंतीवरचं घड्याळ बघितलं, आणि शिक्का मारून पोच दिली. मी बाहेर पडताना त्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं. बाकीच्यांकडं नाही.

सरांनी भोपाळला पत्र लिहिलं, तक्रारीची नक्कल जोडून. पंधरा दिवसांनी कार्ड आलं. एकच ओळ. 'गाडी वेळेवरच होती. असो.'

"सुधारला नाही हा माणूस," सर म्हणाले. त्यांनी कार्ड पालथं घातलं. "अजून तेच!" त्यांनी उत्तर पाठवलं नाही. मे महिन्यात नाना वारल्याचं कार्ड आलं.

जूनच्या बैठकीत सरांनी निळी डबी माझ्यापुढं फडक्यावर ठेवली. "नंबर तुझाच होता," ते म्हणाले. दिलेलं नाकारायचं नाही हा नियम. मी डबी घेतली. तात्या, डॉक्टर आणि नूरभाई फडक्याचे धागे बघत बसले.

घरी आणून घड्याळ उघडलं. काही झालं नव्हतं त्याला. तेल सुकून चिकट झालं होतं, एवढंच. धुऊन, नवीन तेल घालून, पुन्हा जोडायला मला पाऊण तास लागला. आमच्यातल्या कुणालाही तेवढाच लागला असता. त्यानंतर ते दिवसाला पाच सेकंदसुद्धा चुकलं नाही.

जुलैच्या बैठकीत मी ते हातात घालून गेलो. सर स्वतः आता त्रेसष्टांतलं एक घालायचे.

"बघू का?" सरांनी विचारलं. त्यांनी आपलं काढून खिशात ठेवलं, माझं घेतलं आणि कानाला लावलं. बराच वेळ लावून ठेवलं.

"आवाज बदललाय."

"तेल सुकलं होतं, सर. धुतलं."

"मागं पडत होतं?"

आता घड्याळ माझं होतं. आपल्या घड्याळाबद्दल बोलायला नियमाची आडकाठी नव्हती.

"हो."

"किती?"

तात्यांनी भुवया पुसल्या.

"तासाला तीन मिनिटं."

सर पुटपुटत हिशेब करायला लागले. "सातला लावायचो... आठ, नऊ, दहा..." पाचपर्यंत आल्यावर थांबले. मग त्यांनी एकेकाच्या मनगटाकडं बघितलं. कबाडे. तात्या. नूरभाई.

"आणि तुमची?"

कबाडे आणि तात्या नूरभाईंकडं बघायला लागले. शेवटी नूरभाई म्हणाले, "आमचीबी मागं पडत होती, सर."

"सगळ्यांची?"

"हां सर. यंदा हवाच तसली होती."

सरांनी मान डोलावली. त्या दिवशी बैठक लवकर मोडली. मला त्यांनी थांबवून घेतलं.

"नाना आणि मी का बोलत नव्हतो, माहीत आहे तुला?" सर म्हणाले. "दादांच्या तेराव्याला, सगळे पानावर बसले होते. नानानं माझा हात धरला, न विचारता, आणि सगळ्यांदेखत म्हणाला, तुझ्याकडं आल्यापासून हे घड्याळ मागं पडतंय. बस, एवढंच. मी पानावरून उठलो. बावीस वर्षं." ते थांबले. "तेव्हाही पडतच असणार रे. मी बघितलंच नाही. आणि आता त्याची गाडीसुद्धा वेळेवर होती. दोन्ही वेळा बरोबर होता तो."

मग त्यांनी कागद घेतला आणि स्टेशनमास्तरांना पत्र लिहिलं. 'माझे घड्याळ मागे होते. गाडीची अगर आपली काही चूक नव्हती. माझ्या मित्रांना मी नाहक साक्षीस ओढले, त्यांचाही दोष नाही. क्षमस्व.' खाली सही केली. आमच्यापैकी कुणाची मागितली नाही.

मला राहवेना. "सर," मी म्हणालो, "चहाच्या वेळी तुम्ही मला विचारलंत, वेळ आहे का म्हणून. मला माहीत होतं. मी—"

सरांनी हात वर केला. "दुसऱ्याच्या घड्याळाबद्दल बोलायचं नसतं. नियम मीच केलाय."

"नियमामुळं नाही, सर. मला ते घड्याळ हवं होतं."

सर माझ्याकडं बघत राहिले. मग माझ्या मनगटाकडं.

"दिसतंय की," ते म्हणाले. "हातातच आहे."

मी पट्टा सोडायला लागलो.

"राहू दे. परत घ्यायची पद्धत नाही." त्यांनी पत्राची घडी घालून माझ्या हातात दिली. "हे मिरजेला नेऊन दे. पोस्टात टाकू नकोस. आणि वेळेवर जा."

सर त्यानंतर चार वर्षं होते. दर दुसऱ्या शनिवारी "बघू का?" म्हणून ते घड्याळ मागून घ्यायचे, कानाला लावायचे आणि परत द्यायचे. त्या रविवारचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं.

पत्र घेऊन मी दुसऱ्याच दिवशी मिरजेला गेलो. साडेचारलाच पोचलो. स्टेशनमास्तरांनी पत्र दोनदा वाचलं, खणातून आमची तक्रार काढली आणि दोन्ही कागदांना एकत्र टाचणी मारली. मग त्यांनी माझ्या मनगटाकडं बघितलं आणि भिंतीवर बघितलं.

"आज जुळतंय की तुमचं."

"हो," मी म्हणालो. "आता जुळतं."

बाहेर येऊन मी त्याच बाकावर बसलो. चार पन्नासला भोपाळकडची गाडी आली. पुष्कळ माणसं उतरली, चहा प्याली, पुन्हा चढली. मग शिट्टी झाली. मी घड्याळात बघितलं. बरोबर पाच वाजले होते.